गवतातलं बिऱ्हाड

फुटवा जमिनीलगत कापावा. बाहेरची वाळलेली, मातकट पानं काढून टाकावीत आणि आतलं एखादं ताजं पान निवडावं. पातं कामाचं नाही. हवी असते ती पात्याच्या खालची, काडीला वेढून बसलेली खोळ. ती उभी चिरून उघडायची, आतली बाजू वर ठेवायची, ब्लेडने हलकी आडवी खाच द्यायची आणि खाचेपाशी चिमट्याने धरून वरची साल ओढायची. स्लाइडवर ॲनिलिन ब्लूचा थेंब, त्यात ही ओलसर पारदर्शक पट्टी, वर कव्हरस्लिप. स्पिरिटच्या दिव्यावरून स्लाइड एकदा ओझरती फिरवली की रंग चांगला भरतो. शंभर पटीत शोधायचं, चारशे पटीत खात्री करायची.

टॉल फेस्क्यू नावाच्या गवताची अशी साल पहिल्यांदा पाहणाऱ्याला बऱ्याचदा काहीच दिसत नाही, कारण नजर पेशींवर जाते. गवताच्या पेशी लांबट आणि रांगेत लावलेल्या असतात, त्या लगेच डोळ्यांत भरतात. पाहायचं असतं ते रांगांच्या मधल्या फटींत. तिथे निळे धागे दिसतात. पानाच्या लांबीला समांतर, किंचित नागमोडी, फांद्या जवळजवळ नाहीत, जाडी एक ते तीन मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले एक ते तीन. एकही धागा पेशीत शिरलेला नसतो. ही एपिक्लोई नावाची बुरशी. ज्या फुटव्यातून साल काढली त्याच्यावर डाग नसतो, पान पिवळं नसतं, रोप खुरटलेलं नसतं. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही.

*

गोंधळ टाळण्यासाठी वहीत लिहून ठेवलेलं: धाग्याला भराभर फांद्या फुटल्या असतील, तो पेशींच्या भिंती ओलांडून आडवा गेला असेल, रंग न देताही तपकिरी दिसत असेल, तर तो पानावर बाहेरून वाढलेल्या बुरशीचा समजावा. आतली बुरशी शिस्तीत राहते. पेशींच्या मधल्या जागेत जे साखरेचं पाणी झिरपतं त्यावरच तिचं भागतं, त्यामुळे पेशी फोडायची तिला गरज पडत नाही.

मुळं तपासण्यात वेळ घालवू नये. तिथे ही बुरशी सापडत नाही. पात्यात विरळ, खोळीच्या तळाशी दाट, फुलोऱ्याच्या काडीत आणि दाण्यात भरपूर.

*

१९३१. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाचे प्राध्यापक ई. एन. फर्गस यांना मेनिफी काउंटीत ज्वारीच्या काकवीच्या स्पर्धेसाठी परीक्षक म्हणून बोलावलं होतं. तिथे त्यांच्या कानावर आलं की जवळच्या सूटर यांच्या शेतात डोंगरउतारावर एक गवत आहे, ते ऐन हिवाळ्यातही हिरवं राहतं. फर्गस पाहायला गेले आणि बी घेऊन आले. १९४३ मध्ये ‘केंटकी ३१’ या नावाने ते वाण प्रसृत झालं. धूप थांबवणारं, दुष्काळ सोसणारं, गुरांनी कितीही खाल्लं तरी पुन्हा फुटणारं. थोड्या दशकांत अमेरिकेच्या पूर्व भागात साडेतीन कोटी एकरांवर टॉल फेस्क्यू पसरलं.

त्या डोंगरउतारावरून फर्गस यांनी जे आणलं ते एकटं गवत नव्हतं. बियांच्या आत बुरशी होती. ती रोपातून दाण्यात आणि दाण्यातून पुढच्या रोपात जात राहिली, आणि वाण म्हणून ज्याची कीर्ती झाली तो या दोघांचा जोड होता. याची कुणाला कल्पना यायला चाळीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

*

तोवर गुरं सांगत होती. उन्हाळ्यात फेस्क्यूवर चरणाऱ्या गाई धापा टाकायच्या, दिवसभर डबक्यात उभ्या राहायच्या, हिवाळ्यातले राठ केस झडायचे नाहीत, वजन वाढायचं नाही, दूध आटायचं. थंडीत त्याहून वाईट: खुराच्या वरचा भाग, शेपटीचं टोक, कानाची कड काळी पडून गळून जायची. गाभण घोड्यांची शिंगरं मरायची. गवताचं रासायनिक पृथक्करण केलं तर प्रथिनं उत्तम, पचनीयता उत्तम. कागदावर चांगल्या ठरलेल्या चाऱ्यावर जनावरं खंगत होती.

मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती एका साम्याची दखल. रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन अवयवांची टोकं सडणं हे युरोपात शतकानुशतकं माहीत असलेल्या एरगटच्या विषबाधेचं लक्षण. राय या धान्याच्या कणसावर क्लॅव्हिसेप्स ही बुरशी वाढते आणि ते धान्य खाणाऱ्यांना हा त्रास होतो. जॉर्जियातल्या अथेन्स इथल्या सरकारी प्रयोगशाळेत चार्ल्स बेकन आणि सहकाऱ्यांनी तो धागा धरला: लक्षणं एरगटची असतील तर एरगटच्या कुळातलं कुणीतरी कुरणात असलं पाहिजे. आधी त्यांनी फेस्क्यूच्या कुरणात वाढणाऱ्या इतर गवतांवर त्याच कुळातली बॅलान्सिया शोधली. त्यावरचा लेख १९७५ चा. मग खुद्द फेस्क्यूच्या खोळी सोलल्या. एकाच शेतावरची दोन कुरणं, एकात गुरं आजारी, दुसऱ्यात बरी. आजारी कुरणातल्या जवळजवळ प्रत्येक रोपात बुरशी होती, बऱ्या कुरणातल्या थोड्याच रोपांत. हे १९७७ मध्ये छापून आलं. एर्गोव्हॅलिन हे प्रत्यक्ष विष ओळखायला आणखी आठ-नऊ वर्षं लागली.

१९९३ च्या एका अंदाजात अमेरिकेच्या गोमांस उद्योगाचं यापायी होणारं वार्षिक नुकसान साठ कोटी डॉलरच्या वर धरलं होतं.

*

बुरशी त्याआधी कुणी पाहिलीच नव्हती असं मात्र नाही. वेल्समध्ये कॅथलीन सॅम्पसन यांनी १९३३ मध्ये, न्यूझीलंडमध्ये जे. सी. नील यांनी १९४० च्या आसपास रायग्रास आणि फेस्क्यूच्या आतले धागे नीट वर्णन करून ठेवले होते. चित्रं काढली होती. बुरशी शास्त्रज्ञांच्या कपाटात होती, आजारी गाय पशुवैद्याच्या दारात होती, आणि दोघांची गाठ पडायला एवढी वर्षं गेली. पशुवैद्य, गवतवाले आणि बुरशीवाले यांनी एका टेबलाशी बसावं, हे म्हणणं या इतिहासामुळे मला फार निकडीचं वाटतं.

*

न्यूझीलंडची गोष्ट थोड्याच वर्षांच्या अंतराने, स्वतंत्रपणे घडली. तिथे गवत रायग्रास, जनावर मेंढी आणि आजार झिंगण्याचा. कळप शांत चरत असतो तोवर काही कळत नाही. कुत्रा मागे लागला की मेंढ्या थरथरतात, पाय ताठ होतात, कोलमडतात. थोड्या वेळाने उठून पुन्हा चरू लागतात. लिंकन इथे चराईच्या प्रयोगात शेजारशेजारच्या पट्ट्यांत रायग्रासच होतं, पण काही पट्ट्यांत कोकरं झिंगायची आणि काहींत नाही. फ्लेचर आणि हार्वी यांनी १९८१ मध्ये दाखवलं की फरक आतल्या बुरशीचा आहे. विषाचं नाव लोलिट्रेम बी.

मग बुरशी काढून टाका, असं कुणीही म्हणेल. काढली, तर अर्जेंटाइन स्टेम वीव्हिल नावाचा सोंड्या किडा बुरशीविरहित रायग्रासवर तुटून पडला आणि कुरणं बसली. १९८२ मध्ये प्रेस्टिज आणि सहकाऱ्यांनी या किड्याचा आणि बुरशीचा संबंध मांडला. किड्याला दूर ठेवणारं रसायन पेरामिन, तेही हीच बुरशी बनवते. अमेरिकेतही बुरशीविरहित फेस्क्यू पेरलं गेलं. गुरं सुधारली, आणि पहिल्या कडक उन्हाळ्यात, जास्त चराई झालेल्या कुरणांत गवत विरळ होऊन मेलं. केंटकी ३१ ची जी चिवट वृत्ती सगळ्यांनी वाखाणली होती तिच्यात बुरशीचा मोठा वाटा होता.

म्हणून कुरणातलं गवत ओळखताना जातीचं नाव सांगून थांबणं मला अपुरं वाटतं. आत कोण आहे ते सांगितल्याशिवाय ते गवत जनावराला काय करेल, दुष्काळात टिकेल की नाही, किडा खाईल की नाही, यातलं काहीच सांगता येत नाही.

*

बियांची तपासणी. दाणे पाच टक्के कॉस्टिक सोड्यात रात्रभर भिजवायचे. सकाळी नळाखाली भरपूर धुवायचे, तूस काढायचं, दाणा स्लाइडवर ठेवून लॅक्टिक ॲसिडमधल्या ॲनिलिन ब्लूचा थेंब टाकायचा आणि कव्हरस्लिपने दाबून चिरडायचा. टरफलाच्या लगेच आत ॲल्युरॉन नावाचा पेशींचा थर असतो. बुरशी तिथे दिसते, आणि खोळीतल्यासारखी सरळ नाही. पेशींभोवती वळसे घेत, गुंतत गेलेली. एका खेपेला पुष्कळ दाणे तपासता येतात आणि शंभरात किती बाधित हा आकडा हाती येतो.

आकडा हाती येतो तो बुरशी दिसलेल्या दाण्यांचा. त्यात जिवंत किती, हे रंग सांगत नाही. मेलेला धागाही तितकाच निळा होतो. आणि ही बुरशी बियाण्याच्या आधी मरते: उबदार, दमट कोठारात वर्ष-दोन वर्षं पोतं राहिलं की बी रुजतं, पण आतली बुरशी संपलेली असते. म्हणून खात्री करायची तर बी पेरून रोपं सहा-आठ आठवडे वाढवायची आणि मग खोळी सोलायच्या. बुरशीसकट बियाणं टिकवायचं असेल तर कोरडं आणि थंड ठेवावं लागतं.

याच गुणाचा उपयोग करून बुरशीविरहित बियाणं तयार केलं गेलं. जुनं होऊ दिलं की झालं.

*

एक गोष्ट कित्येक वर्षं कोड्यात टाकणारी होती. बुरशीचा धागा टोकाकडून वाढतो, हे पाठ्यपुस्तकातलं पहिलं वाक्य. गवताचं पान मात्र तळाकडून वाढतं. तळाच्या पेशी लांबत जातात आणि वरचा भाग ढकलला जातो. पेशींना चिकटलेला धागा टोकाकडून वाढत राहिला तर लांबणाऱ्या पानाबरोबर ताणला जाऊन तुटायला हवा. तुटत तर नाही. २००८ मध्ये क्रिस्टेनसेन आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं: पानाच्या वाढत्या भागात हा धागा आपल्या सगळ्या लांबीतून, मधूनमधून लांबतो, आणि पान लांबायचं थांबलं की तोही थांबतो. धागा त्या पानात पुढे जिवंत राहतो, काम करतो, पण वाढत नाही. खोळीत फांद्या का दिसत नाहीत, सगळं समांतर का असतं, हे यावरून कळतं. सूक्ष्मदर्शकाखाली जी खूण ओळखीसाठी वापरतो ती या वाढीच्या पद्धतीची खूण आहे.

*

नावांचा पसारा. फेस्क्यूतल्या बुरशीला १९७७ मध्ये एपिक्लोई टायफिना म्हटलं होतं. १९८२ मध्ये ती ॲक्रेमोनियम सीनोफिआलम झाली, १९९६ मध्ये निओटायफोडियम, २०१४ पासून एपिक्लोई सीनोफिआला. पूर्वी बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना वेगळी नावं द्यायची मुभा होती. २०११ च्या मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ती संपली आणि एका बुरशीला एकच नाव ठरलं. जुने लेख शोधताना चारही नावांनी शोधावं. एका नावाने शोधलं तर वीस-वीस वर्षांचं काम नजरेआड जातं.

*

सालीवरून ‘आहे’ एवढंच कळतं. ‘कोण’ हे कळत नाही.

कल्चर करून थोडं पुढे जाता येतं. खोळीचा तुकडा आधी अल्कोहोलमध्ये, मग ब्लीचमध्ये, मग निर्जंतुक पाण्यात धुवून बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर ठेवायचा. दोन-तीन दिवसांत काही वाढलं तर ती हवी असलेली बुरशी नाही हे समजावं. एपिक्लोई अगदी सावकाश येते. तुकड्याच्या कापलेल्या कडेला पांढरा कापशी पुंजका दिसायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर प्लेट कोरडी पडू द्यायची नाही आणि इतर बुरशांना शिरू द्यायचं नाही. मग बीजाणू पाहायचे: बारके, एका बाजूला वाकलेले, धरणाऱ्या देठावर आडवे बसलेले. काही प्रकार बीजाणू देतच नाहीत.

झटपट काम हवं तर ठशाची पद्धत आहे. फुटवा कापून त्याचा ओला छेद नायट्रोसेल्युलोजच्या कागदावर दाबायचा आणि कागदावर प्रतिपिंडांची प्रक्रिया करायची. बुरशी असेल तर ठसा रंगतो. शेकडो फुटवे एका दिवसात होतात, म्हणून बियाणं कंपन्यांना ही पद्धत सोयीची. पण यातही उत्तर हो किंवा नाही एवढंच.

‘कोण’ कळायला डीएनए लागतो. बुरशी ओळखायला आयटीएस नावाचा जनुकीय तुकडा २०१२ पासून प्रमाण मानला जातो, पण एपिक्लोईच्या जवळच्या जाती त्यावरून नीट सुटत नाहीत. तिथे ट्यूब्युलिनसारखी जनुकं वाचावी लागतात. आणि ती वाचल्यावरच फेस्क्यूतल्या बुरशीचं खरं कूळ समजलं: तिच्यात एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या घराण्यांतून आलेल्या प्रती होत्या. १९९४ मध्ये केंटकी विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर शार्डल यांच्या गटाने दाखवलं की तीन पूर्वज जातींच्या संकरातून ती झाली आहे. ती लैंगिक पुनरुत्पादन करत नाही. आईच्या बियांतून लेकीकडे, एवढीच तिची वाट.

*

एकाच जातीच्या बुरशीतही उपप्रकार असतात आणि व्यवहारात सगळं त्यांवर अडतं. रायग्रासमधली नेहमीची बुरशी लोलिट्रेम बी, एर्गोव्हॅलिन आणि पेरामिन तिन्ही बनवते. २००१ मध्ये न्यूझीलंडने बाजारात आणलेली एआर १ फक्त पेरामिन बनवते. किडा दूर, मेंढी सुखरूप. २००७ ची एआर ३७ या तिन्हींपैकी काहीच बनवत नाही, तिचं रसायन वेगळं. सूक्ष्मदर्शकाखाली तिन्ही सारख्या. अमेरिकेत फेस्क्यूसाठी अशाच निवडलेल्या बुरशीचं बियाणं २००० च्या सुमारास आलं.

निवडलेली बुरशी गवतात घालण्याची रीत लॅच आणि क्रिस्टेनसेन यांनी १९८५ मध्ये दिली. नुकतंच रुजलेलं, बुरशी नसलेलं रोप घ्यायचं, वाढबिंदूपाशी सुईने चीर द्यायची, चिरेत कल्चरमधला धाग्यांचा कण ठेवायचा. बरीचशी रोपं बुरशी स्वीकारत नाहीत. जी स्वीकारतात त्यांच्या लेकी-नाती मग पिढ्यान्‌पिढ्या ती बाळगतात. एका चिरेवर हजारो एकर कुरण उभं आहे ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

*

डार्नेल हे गव्हातलं जुनं तण, रायग्रासचंच भावंड. त्याचे दाणे गव्हाच्या दाण्यांत मिसळतात आणि पिठात गेले की खाणाऱ्याला गुंगी येते, अशी त्याची ख्याती भूमध्य समुद्राभोवती प्राचीन काळापासून आहे. बायबलमधल्या निदणाच्या दाखल्यातलं तण हेच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. गवताच्या दाण्यात बुरशी राहते हे पहिल्यांदा डार्नेलमध्येच, १८९८ मध्ये, युरोपातल्या अनेक संशोधकांना एकाच वर्षी दिसलं. १९०४ मध्ये लिंडाऊ यांनी इजिप्तमधल्या थडग्यात मिळालेले, चार हजार वर्षांहून जुने डार्नेलचे दाणे कापले. त्यांतही धागे होते.

*

आता आपल्याकडे. एपिक्लोई थंड हवामानातल्या गवतांची सोबतीण: फेस्क्यू, रायग्रास, पोआ, ब्रोम. महाराष्ट्राच्या माळावरची मारवेल, पवना, कुसळी, शेडा ही उष्ण हवामानातली, वेगळ्या उपकुळांतली गवतं. त्यांच्यात ती शोधत बसणं व्यर्थ. पण तिचं कूळ इथे चांगलं नांदतं आहे आणि शेतकऱ्याला ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

भाताचा उदबत्ता रोग घ्या. लोंबी पोटरीतून बाहेर पडते तीच एका सरळ, गोल काडीच्या रूपात, पांढऱ्या बुरशीने लिंपलेली. पुढे ती करडी होते, काळे ठिपके येतात, दाणा एकही भरत नाही. जागतिक वाङ्मयातही रोगाला उदबत्ताच म्हणतात. बुरशीचं नाव इफेलिस ओरायझी, सिडो यांनी १९१४ मध्ये भारतातल्या नमुन्यावरून दिलेलं, आणि ती बॅलान्सियाची अलैंगिक अवस्था. बी रुजल्यापासून ती रोपात असते. लावणी होते, फुटवे येतात, पोटरी भरते, आणि लोंबी निसवेपर्यंत रोप निरोगी दिसतं. बियाणं ५४ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवण्याचा उपाय सांगतात. दाणा जगतो, बुरशी मरते.

कुरणातल्या बुरशीत आणि उदबत्त्यात राहण्याची पद्धत फारशी वेगळी नाही. एक दाण्यातून पुढे जाते म्हणून दाणा जपते, दुसरी दाण्याच्या जागी स्वतःचे बीजाणू धरते.

*

बाजरीचा अरगट, म्हणजे एरगटच, आणि ज्वारीचा चिकटा हेही त्याच कुळातले, पण हे आत राहत नाहीत, फुलोऱ्यातून शिरतात. १९५६ मध्ये साताऱ्याकडे बाजरीवर अरगटची मोठी साथ आली आणि अरगट मिसळलेल्या बाजरीने माणसांना मळमळ, उलट्या, चक्कर असा त्रास झाला. बाजरीचं बियाणं वीस टक्के मिठाच्या पाण्यात टाकायचं, अरगटच्या गाठी आणि पोचट दाणे तरंगतात ते काढून टाकायचे, खाली बसलेलं धुवून वाळवायचं, हा सल्ला आपल्या शेतकऱ्यांना पाठ आहे. ओळखीची इतकी स्वस्त आणि नेमकी पद्धत क्वचितच कुठे असेल. आत राहणाऱ्या बुरशीला हा उपाय चालत नाही. तिच्यामुळे दाणा हलका होत नाही, तरंगत नाही, रंग बदलत नाही.

ज्वारीच्या चिकट्यावर एस. एल. आजरेकर यांनी १९२६ मध्ये लिहिलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या बुरशींच्या संग्रहालयाला त्यांचं नाव आहे, आणि त्याच संस्थेत राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रहही आहे. गवताच्या आतून काढलेली बुरशी नळीत जिवंत जपून ठेवायची तर आपल्याकडे जागा आहे.

*

हरीक, म्हणजे कोद्रा. हे धान्य कधीकधी ‘माजतं’, खाल्लं की झिंग येते, हे कोकणात आणि मध्य भारतात जुन्या माणसांना माहीत आहे. दोष धान्याच्या माथी. १९८५ मध्ये राव आणि हुसेन यांनी त्यामागचं सायक्लोपायझॉनिक ॲसिड दाखवलं. ते दाण्यावर वाढणाऱ्या ॲस्परजिलसचं. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर बांधवगडला दहा हत्ती मेले, आणि तपासणीत हेच रसायन निघालं. ही बुरशी गवताच्या आत राहणाऱ्या कुळातली नाही, तरी टिपण इथे ठेवतो, कारण बातम्यांत पुन्हा ‘विषारी कोदो’ असंच वाचायला मिळालं. कोद्रा हे कोरडवाहू गरिबाचं अन्न आहे. त्याला बुरशीच्या वाटचं विशेषण लावू नये.

*

बॅलान्सियाच्या बाजूनेही एक नोंद. लखनौच्या सीमॅप संस्थेतल्या अहमद, आलम आणि जनार्दनन यांना लेमनग्रासमध्ये बॅलान्सिया स्क्लेरोटिका सापडली. तिने फुलोरा मारला जातो. पण बुरशी असलेल्या झाडांचा पाला अधिक भरला आणि तेलही अधिक मिळालं. हे पीक पानासाठी घेतात आणि ठोंब फोडून लावतात; फुलोरा गेल्याने शेतकऱ्याचं काही जात नाही.

*

माळावरच्या गवतात शोधायचं झालं तर एपिक्लोईसारखी एकच ठरलेली सोबतीण मिळत नाही. मिळतो तो मेळा. कर्व्ह्युलेरिया, फ्युझेरियम, अल्टरनेरिया, कितीतरी काळ्या बीजाणूंवाल्या आणि कितीतरी ज्या बीजाणू देतच नाहीत. यांतल्या बहुतेक हवेतून, पावसाच्या थेंबातून पानात शिरतात. त्यामुळे अगारवर उगवलेली बुरशी आतली की पृष्ठभागावरची, हा पहिला प्रश्न. ब्लीचने धुतलेलं पान आधी एका कोऱ्या अगारवर दाबून उचलावं. त्या ठशात काही उगवलं तर धुणं कमी पडलं, आणि त्या खेपेची सगळी नोंद बाद. मी पाहिलेल्या पुष्कळ प्रबंधांत हा ठसा नाही. विद्यार्थी जाती मोजतात, यादी लांबते, आणि यादीतलं कोण आत होतं हे सांगायला कुणापाशी पुरावा नसतो. ही चाचणी फुकटात होते, वेळ मिनिटाचा लागतो. ती सक्तीची करायला हवी.

दुसरं: अगारवर जे वाढतं तेच आत आहे असं धरू नये. जे वाढत नाहीत त्यांच्यासाठी पानातून थेट डीएनए काढावा. आणि डीएनए मिळाला तरी साल सोलावी. धागा कुठे आहे, पेशीत की पेशींच्या मधे, हे यंत्र सांगत नाही.

*

उष्ण हवामानातल्या गवतांच्या उपकुळातलं एक उदाहरण अमेरिकेतल्या यलोस्टोनचं. गरम झऱ्यांच्या कडेला, मुळाशी माती ५० अंशांच्या वर तापते तिथे डायकँथेलियम नावाचं गवत उभं असतं. गवत एकटं ठेवलं तर ४० अंशांच्या आसपास मरतं. त्यातली कर्व्ह्युलेरिया एकटी वाढवली तर तीही. दोघं मिळून ६५ अंशांपर्यंतची माती सोसतात, हे २००२ मध्ये रेडमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. २००७ मध्ये मार्केझ यांच्या गटाने तिसरा शोधला: बुरशीत एक विषाणू होता. विषाणू काढलेली बुरशी गवतात घातली तर गवत उष्णता सोसेना. परत घातला तर सोसू लागलं. ज्यांनी बुरशीपर्यंत ओळख नेऊन थांबवली असती त्यांना बुरशीचं नाव बरोबर मिळालं असतं आणि कारण मिळालं नसतं.

*

एपिक्लोईच्या काही जाती लैंगिक पुनरुत्पादन करतात. त्या वेळी त्या बाहेर येतात: काडीभोवती पांढरा, पुढे नारिंगी होणारा वेढा, ज्यात फुलोरा गुदमरून जातो. या वेढ्यावर बोटॅनोफिला वंशाची माशी येते, अंडी घालते, आणि एका वेढ्यावरचे बीजाणू दुसऱ्यावर नेते. माशीच्या अळ्या बुरशी खातात. फुलातलं परागण जसं माशीवर सोपवलेलं असतं तसं इथे बुरशीचं. मे-जूनमध्ये युरोपातल्या गवताळ कडांना सूक्ष्मदर्शकाशिवाय एपिक्लोई ओळखायची ही एकमेव सोपी वेळ.

*

हर्बेरियमच्या पत्रकांवर चिकटवलेली जुनी गवतं यासाठी फार उपयोगी आहेत. धागा वाळून गेला तरी दाण्यात आणि खोळीत रंग धरतो. अमेरिकेत जेम्स व्हाइट यांनी १९८० च्या दशकात संग्रहालयांतले नमुने अशा रीतीने तपासून कितीतरी गवतांत बुरशीची नोंद केली. हिमालयातून आणलेली फेस्क्यू आणि पोआची पत्रकं ज्या ज्या हर्बेरियमात आहेत तिथे हे काम बसल्या जागी होण्यासारखं आहे. क्युरेटरची लेखी परवानगी घ्यावी. लोंबी तोडू नये. पत्रकावरच्या पाकिटात गळून पडलेले दोन-चार दाणे पुरतात. सोड्यात भिजवणं, धुणं, रंग देणं ताज्या दाण्यासारखंच, फक्त भिजवायचा वेळ वाढवावा. निकाल काहीही आला तरी पत्रकावर तारीख, सही आणि रीत लिहिलेली चिठ्ठी लावावी. ‘धागे दिसले नाहीत’ हीसुद्धा चिठ्ठी लावावी, म्हणजे पुढचा माणूस उरलेले दाणे पुन्हा त्याच कामासाठी फोडणार नाही.